शेजारच्या चुलीची पीरोज

मिरखानला त्याच्या सगळ्या शेळ्यांची नावं पाठ होती, आणि बायकोचं नाव तेवढं गुल झालं होतं. आता याला काय म्हणावं? शेळ्या मरून, विकून किती वर्षं लोटली. बायको मात्र समोर होती, दोन्ही वेळा वाढत होती, थंडीत पाठ चोळून देत होती. तरी सकाळी उठला की तिच्याकडे बघून अदबीनं म्हणायचा, "ताई, घोटभर चहा मिळेल का?" आणि चहाचा पेला हातात आला की वर आशीर्वाद, "देव तुझ्या घरधन्याला सुखी ठेवो."

"ठेवलाय की!" पीरोज फणकारायची. "माझ्या डोक्यावर आणून बसवलाय!"

आमच्या हेवशान गावात पीरोजच्या जिभेला सगळे टरकून असायचे. कोंबडा वेळेवर आरवला नाही तर तो तिला भिऊन गप्प बसला असेल, असं लोक म्हणायचे. पण नवऱ्यानं 'ताई' म्हटलं की त्या जिभेचं पाणी व्हायचं. फणकारून झालं की ती मागच्या अंगणात जायची आणि उगीचच वाळत घातलेले कपडे पुन्हा पिळायची.

विसरणं एकदम आलं नव्हतं. आधी नातवंडांची नावं गेली. कुणी मनावर घेतलं नाही, नातवंडं होतीही भाराभर. मग सुनांची गेली. सुना आतून खूशच झाल्या, उठल्यासुटल्या हाका बंद झाल्या म्हणून. मग मुलांची गेली, ज्याच्या घरी ते राहायचे त्या हेमिनचंही गेलं, आणि बर्फ पडायच्या सुमाराला एका सकाळी पीरोजचंही. त्या दिवशी पीरोजनं तव्यावरची भाकरी करपू दिली. जन्मात पहिल्यांदा.

हेमिन बापाला गाडीत घालून हेवलेर शहरातल्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि सांगितलं, ही वाट एकाच बाजूनं जाते, परत येत नाही. घरी आल्यावर हेमिन म्हणाला, "आई, आता मनाची तयारी कर. त्यांना नाही आठवायचं."

"तू कर तयारी. तुझं काय गेलंय? तुला नावानं हाका मारणारं अख्खं गाव आहे. मला कोण आहे रे?"

आणि खरंच होतं ते. पीरोजची आई गेली, बहिणी गेल्या, बरोबरीच्या मैत्रिणी एकेक करून टेकडीवर जाऊन निजल्या. उरलेल्यांना ती हेमिनची आई, खिदिरची काकू, पोराटोरांची आजी. नुसतं 'पीरोज' म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि तो तिला ताई म्हणत होता. "एकदा," ती हेमिनला म्हणाली, "एकदाच त्याच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय मला. मग डोळे मिटले तरी हरकत नाही." आणि तिनं जाहीर केलं, की वसंत लागला की ती त्याला पारव्यांच्या गुहेत घेऊन जाणार.

"गुहेत? त्या चढावर? आई, तुझंही डोकं फिरलं का?"

"फिरलं तर फिरलं. घरात एकाला दोन होतील, सोबत होईल!"

आता पारव्यांची गुहा म्हणजे काय, हे आमच्या नव्या पोरांना काय कळणार! त्यांना ती सरकारी पाटी आणि तारेचं कुंपण म्हणून माहीत. आमचं अख्खं गाव हिवाळ्यात त्या गुहेत राहायला जायचं. दिवाणखान्यासारखी ऐसपैस गुहा, तोंड दक्षिणेला, दिवसभर ऊन आत. प्रत्येक घराची जागा ठरलेली, चूल ठरलेली, बापाकडून लेकाकडे आलेली. मधे बोरूच्या ताट्या, मागे शेळ्यांचे वाडे. धुरानं डोळे चुरचुरायचे, अंगाला शेळ्यांचा वास यायचा, छतातून ठिबकणारं पाणी नेमकं मानेत पडायचं. आणि तरी काय मजा होती! एका चुलीवरची म्हातारी गोष्ट सांगायला लागली की पलीकडच्या टोकाचा माणूस ओरडायचा, "मोठ्यानं सांग गं, राक्षस कुठं गेला ते ऐकू आलं नाही!" एकीचं मूल रडलं की जिचा हात रिकामा ती पाळण्याची दोरी ओढायची. आता हेमिनच्या घरात नळाला गरम पाणी येतं, भिंती गुळगुळीत आहेत, पण शेजारी कोण आजारी आहे ते कळायला फोन करावा लागतो. पीरोजला त्या गुळगुळीत भिंतींची मनापासून चीड होती.

तिच्या बापाची चूल आणि मिरखानच्या बापाची चूल शेजारी शेजारी. मधे एक ताटी. बर्फ वितळायला लागलं की गडीमाणसं शेळ्या घेऊन उतारावर जायची आणि परतताना कमरेच्या शेल्यात फुलं खोचून यायची. आमच्याकडचा शेला म्हणजे वारच्या वार कापड कमरेला गुंडाळलेलं. त्यात चाकू राहतो, तंबाखू राहते, भाकरी राहते आणि वसंतात नर्गिसची फुलं राहतात. कुणासाठी आणली, असं कुणी विचारत नाही. विचारायची रीतच नाही. मिरखान तेव्हा मिसरूड फुटलेला, मुखदुर्बळ. तो ताटीच्या फटीतून फूल अलीकडे सरकवायचा. पहिलं फूल शेळीनं खाल्लं. दुसरंही तिनंच खाल्लं. तिसऱ्या वेळी ताटीपलीकडून दबका आवाज आला, "पीरोज, आधी शेळी बांध." तिच्याशी तो पहिल्यांदा बोलला ते हे. आता याला प्रेमाचं बोलणं म्हणायचं तर म्हणा. पीरोजनं शेळी बांधली, आणि पुढं लग्नही झालं.

मग तेव्हाच्या सरकारची फौज आली, गाव जाळलं, आम्हाला ट्रकांत भरून खाली मैदानातल्या वसाहतीत नेऊन टाकलं. तिथं ना डोंगर ना सावली. वर्षानुवर्षं तिथं काढून लोक परतले तेव्हा गुहा सरकारची झाली होती आणि शेळ्यांना बंदी होती. त्या वसाहतीत रात्री मिरखान अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायचा, "पीरोज, डोळे मीट. पाणी ठिबकतंय ऐक." आणि तिला खरंच ऐकू यायचं.

ठरल्याप्रमाणे वसंत लागला आणि हेमिननं कुरकुरत पिकअप काढली. रस्ता संपला तिथं दोघांना उतरवलं. "मी इथंच थांबतो," तो म्हणाला, "दम लागला तर हाक मार."

दम लागला तो पीरोजला. मिरखान पुढं निघाला तो बोकडासारखा! घरात न्हाणीची वाट विसरणारा माणूस, पण चढावर कुठला दगड हलतो हे त्याच्या पायांना ठाऊक होतं. वळणावर थांबून म्हणाला, "ताई, इथं आमची कावी शेळी घसरली होती. पाय मोडला होता बिचारीचा." मग वाकला, ओल्या गवतातली नर्गिसं खुडली आणि सवयीनं शेल्याच्या घडीत सारली. बोटांनी आपली आपणच. आता आठवतंय, पीरोजला वाटलं, आता वर गेलं की सगळं आठवणार.

कुंपणाच्या दारावर खिदिर पहारेकरी होता, मिरखानचा पुतण्या. "काकू, आत जाता यायचं नाही. खोदकाम चालू आहे."

"तुझा जन्म कुठं झाला रे खिदिर?"

"इथंच की. आत."

"नाळ कुणी कापली?"

खिदिर खाली बघायला लागला. "तुम्ही, काकू."

"मग हो बाजूला."

एवढ्यात आतून तावगा आली. तावगा हेवलेरची, खोदकामावरची प्रमुख. वय असेल तिशीचं, पँट धुळीनं माखलेली, केसांत माती. मागच्या मोसमात तिनं गावात येऊन कुणाची चूल कुठं होती ते पीरोजला विचारलं होतं, तेव्हापासून दोघींचं बरं जमायचं. "या आजी, या," ती म्हणाली, "फक्त फुलंपानं तेवढी आत नेऊ नका, मग सांगते का ते." पीरोजनं आपले रिकामे हात दाखवले. नवऱ्याच्या शेल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. शेल्यात फूल असणं म्हणजे आमच्याकडे काही नेणं नव्हेच. खिदिरनंही बघितलं असणार, पण त्याच्या स्वतःच्या शेल्यातही असतात, त्याला काय वेगळं दिसणार?

गुहा तीच, पण ताट्या नाहीत, धूर नाही. मधोमध चौकोनी खड्डा, शिडी लावलेला, दोऱ्या ताणलेला. आणि तो खड्डा नेमका त्यांच्या चुलींच्या जागी. तावगानं कडेच्या भिंतीत काळे पट्टे दाखवले. "ही वरची राख तुमची, आजी. तिच्या खाली आणखी राख, आणि तिच्याही खाली आणखी. लोक येत गेले, इथंच चुली पेटवत गेले. आणि तळाला हा."

तळाला मोठ्या शिळेच्या आडोशाला एक माणूस कुशीवर निजला होता. हाडांचा, अर्धा मातीत, गुडघे पोटाशी घेतलेला.

"किती जुना गं?"

"पन्नास हजार वर्षं तरी."

"या अल्ला. म्हणजे नूह पैगंबराच्या महापुराच्या आधीचा?"

"बऱ्याच आधीचा." तावगा हसली. "ही माणसं आपल्यासारखीच, पण अगदी आपली नव्हेत. निअँडरथल म्हणतात यांना. कपाळाचं हाड बघा किती जाड, हनुवटी जवळजवळ नाहीच."

"दिसायला काही खास नव्हते बापडे," पीरोज म्हणाली.

"याचा उजवा हात तरुणपणीच निकामी झाला होता, आजी. एक डोळाही गेला असावा. शिकार याला जमणं शक्य नव्हतं. तरी हा म्हातारा होऊन मेला. म्हणजे कुणीतरी याला वर्षानुवर्षं खाऊ घातलं, चालताना हात धरला."

पीरोजनं मिरखानकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. "धरला असेल," ती म्हणाली. "कुणीतरी असतंच धरणारं."

तावगा सांगत राहिली. याच शिळेपाशी आणखीही सापडले होते, एकाच वेळचे नव्हेत, पिढ्यापिढ्यांच्या अंतरानं आणून ठेवलेले. कुणी म्हणे, ही मुद्दाम ठेवलेली माणसं. कुणी म्हणे, छत कोसळून दबलेली, यांना मेलेल्यांसाठी काही करायची समज नव्हती. मागच्या खोदकामात इथल्या मातीत फुलांचे परागकण मिळाले होते, त्यावरूनही भांडण. मेलेल्यावर फुलं वाहिली, की मधमाश्यांनी आणली, की उंदरांनी, की मजुरांच्या कपड्यांतून आली? "म्हणून फुलांना बंदी. या कवटीखालची माती अजून कुणी उघडलेली नाही. उद्या ती काढून, परागकण तपासायला डबीत बंद करायची. दोन मोसम मी याचीच वाट बघतेय, आजी."

ती चहाचं बघायला बाहेर गेली. पीरोजनं मिरखानचा हात धरून त्याला खड्ड्याच्या कडेनं फिरवलं. "हे बघ हेमिनच्या बापा, इथं तुझी आई बसायची. ही आमची चूल. इथं ताटी होती, आठवते? फट होती तिला, ढोपराच्या उंचीवर."

"हो ताई."

"पलीकडे कोण होतं? मुलगी होती एक. लांब वेण्यांची. काय नाव तिचं?"

मिरखाननं खूप विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. "कावी," तो म्हणाला. "बाझी. शिंगमोडी. आणि ती काळी... काळीचं नाव काय बरं?"

संपलं. पीरोज गुहेच्या तोंडाशी जाऊन दगडावर बसली. एवढा डोंगर चढून शेळ्याच मिळाल्या! तिला रडू येईना, रागही येईना, नुसतं थकायला झालं. तावगानं दिलेला चहा तिनं साखरेचा खडा दातात न धरता कडूच पिऊन टाकला. खाली खोऱ्यात नदी दिसत होती. तिला वाटलं, आपण उगीच आलो, घरी निदान आशा तरी होती.

तेवढ्यात खिदिर ओरडला, "काका! अहो काका, खाली कुठं!"

मिरखान शिडीनं खड्ड्यात उतरला होता. हाडांच्या शेजारी उकिडवा बसला होता, आणि शेल्याच्या घडीतून एकेक नर्गिस काढून कवटीपाशी ठेवत होता. देठ मातीत दाबून, पडू नये म्हणून. पिवळी धूळ त्याच्या बोटांना लागली होती, हाडांना लागली होती. तावगाच्या हातातला पेला पडला. "नाही, नाही, नाही," ती शिडीकडे धावली, "अहो, ती माती! ती माती अजून..."

"पीरोज," मिरखान म्हणाला.

सगळे थांबले. तो वर बघत नव्हता, हाडांकडे बघत होता. जाड कपाळाच्या, बिनहनुवटीच्या, एका हाताच्या त्या पुरुषाच्या कवटीवरची माती त्यानं हळूच फुंकली आणि म्हणाला, "पीरोज, किती गार पडलीस गं. उघड्यावर ठेवलं तुला. कुणी बघितलंच नाही का?"

तावगाचा पाय शिडीवर होता. पीरोजनं तिचा दंड धरला. "पोरी, तुझं नुकसान झालं. मला कळतंय. तुझ्यापुढं मान खाली घालून उभी राहीन, हवं ते बोल मला. पण आत्ता त्याला हात लावू नकोस. त्यानं माझं नाव घेतलंय."

तावगाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिच्या मातीसाठीच होतं, खोटं कशाला बोला. पण तिनं पाय मागे घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

पीरोज शिडी उतरली. गुडघे कुरकुरत होते. त्याच्याशेजारी जाऊन बसली. त्यानं तिला जागा करून दिली, मयताच्या घरी आलेल्या बाईला द्यावी तशी.

"तू ओळखायचीस हिला, ताई?"

'मीच ती' असं पीरोजच्या ओठांवर आलं होतं. पण एवढ्या महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर कुणीतरी घरचं उमटलं होतं. ते पुसायचं कसं? "ओळखायचे," ती म्हणाली. "शेजारच्या चुलीची मी."

"चांगली होती," मिरखान म्हणाला. "बोलायला तिखट. पण रात्री मी घाबरून उठलो तर हात धरायची. आताशा एक बाई असते घरात, तीही धरते. पण पीरोजचा हात वेगळा."

"असेल. असेल वेगळा."

"मग रड ना तिच्यासाठी," तो एकदम काकुळतीला आला. "तिला रडायला एक बाई नाही इथं. असं कसं पाठवायचं तिला?"

आमच्याकडे बाई गेली की बायकांनीच गळा काढायचा. एकीनं विचारत जायचं, असं कोण होतं, तसं कोण होतं, आणि बाकीच्यांनी दर वेळी गेलेलीचं नाव घ्यायचं. जिला असं रडणारी नाही तिची मरणातही नाचक्की. पीरोज आमच्या खोऱ्यातली या कामातली पहिली. कितीजणींना तिनं रडून वाटेला लावलं होतं.

तिनं डोक्यावरचा रुमाल पुढं ओढला. मग सूर लावला.

"कुणाच्या गं भाकऱ्या पातळ, चिनाराच्या पानासारख्या?"

"पीरोजच्या," मिरखान मागोमाग म्हणाला.

"ताकाची मशक कुणी गं हलवली, बर्फात बोटं फुटेस्तोवर?"

"पीरोजनं."

"मैदानातल्या उन्हात कुणी गं पोरांना डोंगराच्या गोष्टी सांगितल्या?"

"पीरोजनं. पीरोजनं."

वर तावगा तोंडावर हात धरून ऐकत होती. खिदिरनं पगडी काढून मांडीवर घेतली होती. पीरोज एकेक गुण घेत गेली. विणलेले गालिचे झाले, सोललेले अक्रोड झाले, जन्माला घातलेली आणि पुरलेली पोरं झाली. गुण संपले. प्रत्येक बाईचे कधीतरी संपतातच. रीतीप्रमाणे आता थांबायचं, कपाळाला माती लावायची आणि उठायचं. पण थांबलं की नाव थांबणार होतं.

मग तिनं नसलेले गुण घ्यायला सुरुवात केली.

"कुणाचा गं आवाज लोण्यासारखा मऊ?"

खिदिरला हसू आवरेना, त्यानं पगडीत तोंड खुपसलं.

"पीरोजचा," मिरखान म्हणाला.

"कुणी गं जन्मात कधी शेजारणीशी भांडण केलं नाही?"

"पीरोजनं," त्यानं मान हलवून ग्वाही दिली.

आणि ती विचारतच राहिली.